एका पिचरसाठी चार पोरं : बेसबॉलमधल्या अदलाबदलीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न अमेरिकेतल्या वाचकांचे आहेत आणि सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात : अव्वल स्टार्टिंग पिचर (सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू फेकणारा) आणायचा तर संघाने आपले प्रॉस्पेक्ट किती द्यावेत? ज्यांना ही भाषा नवी आहे त्यांच्यासाठी एवढंच, की प्रॉस्पेक्ट म्हणजे मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, तयार होत असलेला होतकरू खेळाडू. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, त्याने अजून फारसं काही करून दाखवलेलं नसतं, म्हणूनच त्याच्यावरून भांडता येतं.

प्रश्न : बॉस्टन रेड सॉक्सनी पिचर गॅरेट क्रोशेसाठी चार प्रॉस्पेक्ट दिले तेव्हापासून आमच्या गटात दोन तट आहेत. अर्धे म्हणतात लुटले गेलो, अर्धे म्हणतात स्वस्तात मिळाला. हा भाव ठरतो तरी कसा? (एक वाचक, बॉस्टन)

उत्तर : नावं बाजूला ठेवा, आधी वर्षं मोजा. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस भरले की खेळाडूच्या खात्यात एक वर्ष जमा होतं. अशी सहा वर्षं भरेपर्यंत तो संघाच्या ताब्यात. त्यातली साधारण पहिली तीन किमान पगाराच्या आसपास (२०२५ साली तो ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन लवादाच्या पगारावर, जो चढत जातो पण खुल्या बाजाराच्या खालीच राहतो. मग खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाकडे जायला. ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, खरेदी होते ती या उरलेल्या वर्षांची.

११ डिसेंबर २०२४ ला क्रोशे शिकागो व्हाइट सॉक्सकडून बॉस्टनकडे आला तेव्हा त्याची दोन वर्षं उरली होती. २०२५ चा त्याचा पगार ठरला ३८ लाख डॉलर. त्याच्या तोडीचा पिचर खुल्या बाजारात वर्षाला अडीच-तीन कोटी डॉलरखाली येत नाही. मधला फरक हाच नफा, आणि तेवढ्याच किमतीचे प्रॉस्पेक्ट समोरचा मागतो.

वहीत मांडायचं तर एक काल्पनिक पिचर घ्या. तो हंगामाला बदली खेळाडूपेक्षा (म्हणजे सहज मिळणाऱ्या साध्या खेळाडूपेक्षा) साडेचार विजय जास्त मिळवून देतो, दोन वर्षांत नऊ. बाजारात एका विजयाची किंमत ९० लाख डॉलर धरली, तर ८ कोटी १० लाख. दोन वर्षांचा पगार दीड कोटी वजा करा. उरले ६ कोटी ६० लाख. आता देऊ केलेल्या प्रत्येक प्रॉस्पेक्टची सहा वर्षं अशीच मांडा, पण ‘तो घडलाच नाही तर?’ याची मोठी कपात करून. बहुतेकांचं भांडण या कपातीवरून होतं आणि ते व्हायलाच हवं, कारण बाकी सगळं अंकगणित आहे.

बॉस्टनने दिले कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमेरी, इनफिल्डर चेस माइड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्सालेस. मॉन्टगोमेरी २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) बारावा निवडला गेला होता आणि व्यावसायिक पातळीवर एकही सामना खेळला नव्हता. ड्राफ्ट झालेला खेळाडू त्या वर्षीची वर्ल्ड सीरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपेपर्यंत ट्रेडमध्ये देता येत नाही, त्यामुळे हाच सौदा जुलै २०२४ मध्ये झाला असता तर मॉन्टगोमेरी त्यात बसलाच नसता. ‘उन्हाळ्यातच का नाही घेतला?’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बॉस्टनची खरी चतुराई पुढची. हंगाम सुरू होताच त्यांनी क्रोशेशी २०२६ पासून सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार केला. २०२५ मध्ये त्याचे १८ विजय, ५ पराभव, २.५९ ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) आणि २५५ स्ट्राइकआउट झाले. आणि व्हाइट सॉक्स? २०२४ मध्ये १२१ सामने हरलेल्या संघाला उत्तम पिचरची दोन वर्षं म्हणजे गळक्या घरात झुंबर. माझ्या मते हा सौदा दोघांनाही परवडला. लुटलं कोणीच नाही.

जुलैअखेरीच्या खरेदीचं गणित मात्र निराळं. तेव्हा १६२ पैकी पन्नास-पंचावन्न सामने उरलेले असतात आणि पाच-सहा दिवसांतून एकदा उतरणाऱ्या पिचरच्या वाट्याला दहा-अकरा येतात. म्हणून घ्यायचाच तर लवकर घ्यावा. मिलवॉकी ब्रुअर्सनी २००८ मध्ये सीसी सबाथियाला ७ जुलैला क्लीव्हलंडकडून आणलं, तर त्यांना त्याचे १७ सामने मिळाले : ११ विजय, २ पराभव, १.६५ ईआरए. संघ १९८२ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये गेला. मग सबाथिया मोकळा होऊन यँकीजकडे गेला. मिलवॉकीतले जुने चाहते त्या सौद्याला अजूनही नावं ठेवत नाहीत.

प्रश्न : द्यायची वेळ आली तर बॅटर द्यावा की पिचर? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुम्ही घेणारे असाल तर पिचर द्या. विकणारे असाल तर बॅटर मागा.

कारण कोपर आणि खांदा. कोपरातला अस्थिबंध तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि परत यायला बारा ते अठरा महिने. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा ताशी ९८ मैलांनी फेकतो म्हणून त्याचा भाव चढतो, आणि नेमका तोच वेग अस्थिबंधावर ताण आणतो. जुलै २०१६ मध्ये सॅन दिएगो पाद्रेसनी ड्रू पोमरान्झ देऊन बॉस्टनचा अठरा वर्षांचा पिचर अँडरसन एस्पिनोझा घेतला. पुढची काही वर्षं तो शस्त्रक्रिया आणि सराव यांतच अडकला. २०१७ मध्ये डेट्रॉइटने जस्टिन व्हर्लँडर दिला तेव्हा यादीत सगळ्यात वर नाव होतं पिचर फ्रँकलिन पेरेझचं. त्याला खांद्याच्या दुखापतीने अडकवून ठेवलं. त्या सौद्यातून डेट्रॉइटच्या कामी आला तो कॅचर जेक रॉजर्स.

उलटं उदाहरणही देतो, नाहीतर एडिसनहूनच पुढचं पत्र येईल. जुलै २०१७ मध्ये शिकागो कब्जनी पिचर होजे किंतानासाठी बॅटर एलॉय हिमेनेझ आणि पिचर डिलन सीस दिले. सगळी चर्चा हिमेनेझच्या बॅटची होती. पाच वर्षांनी साय यंगच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला तो सीस.

प्रॉस्पेक्टला २० ते ८० अशा मापावर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. चाहते इथे नेहमी चुकतात : ४५ चे तीन दिले म्हणजे ६० चा एक झाला असं धरतात. तसं होत नाही. सामन्यासाठीच्या संघात २६ च जागा असतात. ४५ वाले मोकळ्या बाजारात थोड्या पैशांत मिळतात, ६० वाला मिळत नाही. म्हणून ‘आमचे सहावा, नववा आणि चौदावा प्रॉस्पेक्ट घ्या आणि एक नंबरचा पिचर द्या’ असा प्रस्ताव आला तर समोरचा फोन ठेवतो.

प्रश्न : आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या निव्वळ पैशांच्या व्यवहारात गुजरातकडून मुंबईकडे आला. माझा भाचा सिएटलला असतो. त्याला विचारलं, तुमचे श्रीमंत संघ पैसे मोजून पिचर का उचलत नाहीत? त्याला सांगता आलं नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एकदा उचलायला निघाले होते. जून १९७६ मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी पिचर व्हिडा ब्लू यँकीजला १५ लाख डॉलरला, तर जो रुडी आणि रॉली फिंगर्स रेड सॉक्सना प्रत्येकी १० लाखांना विकले. खेळाच्या हिताला बाध येतो म्हणून लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांनी तिन्ही व्यवहार रद्द केले. फिन्ली कोर्टात गेले आणि हरले. तेव्हापासून सौद्यात रोख रक्कम येते ती बहुधा पगाराचा भार वाटून घ्यायला. मोठी रक्कम असेल तर कमिशनरची मंजुरी लागते.

ड्राफ्टमधले क्रमांकही (निवडीची पाळी) सहसा देता येत नाहीत. अपवाद लहान बाजारपेठेच्या संघांना मिळणाऱ्या काही जादा क्रमांकांचा. बॉल्टिमोरने फेब्रुवारी २०२४ मध्ये पिचर कॉर्बिन बर्न्स घेतला तेव्हा जोई ऑर्टिझ आणि डीएल हॉल यांच्याबरोबर असाच ३४ वा क्रमांक मिलवॉकीला दिला होता. पैसे नाहीत, क्रमांक नाहीत, मग उरतं काय? पोरं.

भाच्याला पिचर एरिक बेडार्डची आठवण मात्र करून द्या. २००८ मध्ये सिएटलने त्याच्यासाठी ॲडम जोन्ससह पाच जण बॉल्टिमोरला दिले. बेडार्ड वारंवार जायबंदी झाला आणि जोन्स बॉल्टिमोरचा सेंटरफिल्डर म्हणून दहा वर्षं गाजला. तिथे विषय आपोआप बदलेल.

प्रश्न : बातमीत ‘आणि एक खेळाडू, नाव नंतर’ असं येतं. ही पळवाट आहे का? शिवाय सौदा जाहीर होऊनही मोडतो तो कशामुळे? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : पळवाट नाही, मुदत आहे. सहा महिन्यांच्या आत नाव द्यावं लागतं. बहुतेक वेळा दोन-चार नावांची यादी आधीच ठरलेली असते आणि विकणारा तेवढ्या काळात त्यांना बघून घेतो. सबाथियाच्या सौद्यात अट होती की ब्रुअर्स प्लेऑफला पोचले तर निवड क्लीव्हलंडची. ते पोचले. क्लीव्हलंडने मायकेल ब्रँटली उचलला, जो पुढे पाच वेळा ऑल-स्टार झाला. ज्याच्या नावाने तो सौदा गाजला त्या मॅट लापोर्टाचं पुढे फारसं काही झालं नाही. तेव्हा ‘नाव नंतर’ हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका.

दुसरी तपासण्याची गोष्ट संघाची ४० जणांची यादी, ज्यातून सामन्यासाठीचे २६ निवडतात. अठरा किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेला खेळाडू पाच हंगामांत आणि एकोणीस किंवा पुढच्या वयात आलेला चार हंगामांत त्या यादीत घ्यावा लागतो. नाही घेतला तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. म्हणून ज्या संघाची यादी भरलेली आहे तो जुलैतच अशा मुलांना सौद्यात घालायला बघतो. तुमच्या संघाला मिळालेल्या तीन पोरांपैकी दोघांना नोव्हेंबरमध्ये यादीत जागा द्यावी लागणार असेल, तर ती भेट थोडी महागच पडते.

मोडण्याचं कारण बहुतेकदा वैद्यकीय. सौदा पक्का होण्यापूर्वी दोन्ही संघ खेळाडूंचे वैद्यकीय कागद तपासतात. पिचरच्या बाबतीत खांदा आणि कोपराचे एमआरआय, जुन्या शस्त्रक्रिया, घेतलेली औषधं. वर सांगितलेल्या पोमरान्झच्या व्यवहारात पाद्रेसनी पूर्ण माहिती दिली नाही असं ठरलं आणि त्यांचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना लीगने तीस दिवस बिनपगारी निलंबित केलं. सौदा मात्र कायम राहिला.

प्रश्न : डेट्रॉइट टायगर्सचा पिचर तारिक स्कूबल २०२६ च्या हंगामानंतर मोकळा होणार. टायगर्सनी त्याला आधीच विकून पोरं घ्यायला हवीत असं माझा मुलगा म्हणतो. मला हे पटत नाही. तुम्ही काय म्हणता? (एक वाचक, नोव्हाय, मिशिगन)

उत्तर : मुलाचा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगचा साय यंग घेणारा पिचर फुकट जाऊ द्यायचा, हे कोणालाही खटकेल. पण तो अगदीच फुकट जात नाही. पूर्ण हंगाम ज्या संघात काढला तोच संघ त्याला हंगामाअखेर क्वालिफाइंग ऑफर (ठरलेल्या पगाराचा एका वर्षाचा करार) देऊ शकतो. ती नाकारून खेळाडू दुसरीकडे गेला की मूळ संघाला ड्राफ्टमध्ये जादा क्रमांक मिळतो. जुलैत विकत घेणाऱ्याला ही सोय नाही, म्हणून तो दोन महिन्यांचेच पैसे, म्हणजे दोन महिन्यांचीच पोरं, देऊ करतो. आताचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, त्यामुळे पुढचे नियम हेच राहतील असं धरू नका.

तेव्हा मुलाला असं विचारा : मिळणारा प्रस्ताव या भरपाईच्या क्रमांकापेक्षा किती वर आहे? दोघे असे हवेत जे वर्षभरात मेजर लीगमध्ये उतरतील, आणि त्यातला निदान एक बॅटर. तेवढं मिळत नसेल आणि संघ प्लेऑफच्या शर्यतीत असेल तर ठेवा. टायगर्स २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी प्लेऑफला गेले होते. पाच सामन्यांच्या मालिकेत स्कूबल दोनदा उतरू शकतो, आणि असा पिचर असलेल्या संघाने ऐन हंगामात त्याला विकणं मला पटत नाही. संघ जूनमध्येच मागे पडला असेल तर मुलाचं ऐका.

प्रश्न : सगळ्यात फसलेला सौदा कोणता? एकच सांगा. (एक वाचक, शिकागो)

उत्तर : लोक १९८७ सांगतात, जेव्हा डेट्रॉइटने डॉइल अलेक्झांडरसाठी मिशिगनचाच मुलगा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला आणि तो हॉल ऑफ फेममध्ये पोचला. मी ते मानत नाही. अलेक्झांडरने ९ विजय, शून्य पराभव आणि १.५३ ईआरए देऊन डेट्रॉइटला विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं. मागितलं तेच मिळालं.

माझं मत ३१ जुलै २०१८ ला. पिट्सबर्गने ख्रिस आर्चरसाठी टॅम्पा बेला टायलर ग्लासनाऊ आणि ऑस्टिन मेडोज दिले. वर एक नाव नंतर, ते निघालं शेन बॅझचं. आर्चरची वर्षंही भरपूर उरली होती आणि पगारही माफक होता. म्हणजे वर सांगितलेलं सगळं गणित पिट्सबर्गच्या बाजूने होतं. फक्त पिचर आधीच उतरणीला लागला होता. सौद्याआधीची दोन वर्षं त्याचा ईआरए चारच्या वर होता. पुढच्या वर्षी तो पाचच्या वर गेला.