अर्ज भरण्याआधी एक दिवस केसपेपरच्या खिडकीपाशी

धुळे

प्रिय बेटा,

तुझा निरोप मिळाला. नर्सिंगची पदवी झाली, दोन वर्षं वॉर्डात काढली, आता हॉस्पिटल मॅनेजमेंटला जायचं मनात आहे आणि घरचे विचारतात, "सिस्टरची चांगली नोकरी सोडून फायली सांभाळायला कशाला जाते?" एमबीए की एमएचए (रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी) हे नंतर बघू. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण माझ्याही घरी हेच विचारलं गेलं होतं.

मी इन्चार्ज सिस्टर होते तेव्हाची गोष्ट. धडगावकडचे एक आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. सकाळी साडेनऊच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "बाबा, आज घरी जा." आजीने लगेच गोधडी घडी केली, गाठोडं बांधलं आणि दोघं खाटेच्या कडेवर बसून राहिले. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. शहाद्याहून पुढे घाट चढणारी मुक्कामाची गाडी आता मिळणार नव्हती. खाट दुसऱ्या रुग्णाला दिलेली. जानेवारीची थंडी होती आणि टाक्यांचं पोट घेऊन तो माणूस रात्रभर व्हरांड्यातल्या फरशीवर झोपला. ऑपरेशन उत्तम झालं होतं, औषधं बरोबर होती, कुणी कामचुकारपणा केला नव्हता. तरी ती रात्र आम्हीच त्यांना दिली होती. मला ते आजही सोसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून एका जुन्या डाएट रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर मी वेळा लिहायला लागले. डॉक्टरांनी घरी जा म्हटलं ती वेळ, उपचारांचा गोषवारा म्हणजे समरी लिहून झाली ती वेळ, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली ती, बिल बनलं ती, कार्ड मिळालं ती. पंधरा दिवस. सगळ्यांची खात्री होती की दोष बिलाच्या खिडकीचा. निघालं भलतंच. उरलेली औषधं परत करायला एकच वॉर्डमामा होते. ते सगळ्या वॉर्डांची औषधं गोळा करून जेवणानंतर एकदाच खाली नेत, आणि औषधं परत आल्याशिवाय बिल बंद होत नसे. खिडकीवरचा क्लार्क आमच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला असायचा! मग आम्ही उद्या कोण घरी जाऊ शकेल त्यांची यादी आदल्या संध्याकाळी करायला लागलो आणि त्यांची नको असलेली औषधं रात्रीच परत पाठवू लागलो. एक रुपया लागला नाही. बरेचसे रुग्ण दुपारच्या जेवणाआधी गेटाबाहेर पडू लागले.

फायली सांभाळणं म्हणजे हे. डॉक्टर आपलं काम करतो, सिस्टर आपलं, फार्मसी आपलं, आणि दोन कामांच्या मधल्या जागेत रुग्ण अडकतो. त्या मधल्या जागेला कुणी वाली नसतो. तू तिचा वाली व्हायला निघाली आहेस, असं घरी सांग.

आणि याचं गणितही सांग. १०० खाटांचं रुग्णालय घे. सगळ्या खाटा वर्षभर भरलेल्या धरल्या तर ३६,५०० रुग्णदिवस होतात. रुग्ण सरासरी ५ दिवस राहिला तर वर्षाला ७,३०० जणांची सोय होते. तोच मुक्काम, उपचारात काहीही न कापता, ४ दिवसांवर आणता आला तर ९,१२५ जणांची. एकही नवी खाट न घेता १,८२५ माणसं जास्त. मी चाळिशीत पदविका केली तेव्हा हे गणित पहिल्यांदा मांडलं आणि वहीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. शिक्षणाने मला नवं काम दिलं नाही, पण ज्या कामाला मी नुसती तळमळ म्हणत होते त्याचं मोजमाप दिलं.

फार्मसीचंच बघ. पैशाप्रमाणे औषधांचे ए, बी, सी असे गट पाडतात आणि महागड्या ए गटावर सगळ्यांची नजर असते. पण गरजेप्रमाणे पाडलेले गट निराळे: जिवाशी गाठ असलेली, आवश्यक, आणि असली तर बरी. ॲड्रेनालिनची कुपी किमतीने अगदी शेवटच्या रांगेत आणि जिवाच्या हिशेबात पहिल्या. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय स्टोअरची मागणी लिहू नये, हे तुला तिथे शिकवतील. नीट शिक.

आता कुठे शिकायचं. एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन एमबीबीएस झालेल्यांसाठी, दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी असतं, तो रस्ता तुझा नाही. तुझ्यासाठी दोन वर्षांचं एमएचए किंवा रुग्णालय व्यवस्थापनातलं एमबीए. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि जयपूरची आयआयएचएमआर ही दोन नावं जुनी आहेत. राज्यातल्या एमबीएसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मन रुग्णालयापेक्षा तालुक्यात, प्राथमिक केंद्रात रमणार असेल तर एमपीएचचाही, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचाही, विचार कर. एमबीए घेतलंस तर एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता स्वतः तपास, एजंटाच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि इमारतीचे फोटो पाहू नकोस. इंटर्नशिप किती महिने, कुठल्या रुग्णालयात, आणि तिथे विद्यार्थ्याला वॉर्डात उभं राहू देतात की ऑफिसात एक्सेल भरायला बसवतात, हे मागच्या बॅचच्या मुलींना फोन करून विचार. फीपेक्षाही आधी हे विचार. कर्ज काढणार असशील तर हेही ऐक: सुरुवातीचा पगार बऱ्याचदा अनुभवी सिस्टरच्या पगाराहून फार वेगळा नसतो, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली व्यवस्थापनाची बरीच पदं कंत्राटी आहेत. हप्ता बसतो का ते घरच्यांसमोर मांड, लपवू नकोस.

वर्गात शिकवतात ते आपल्या मुलखावर घासून बघायची सवय ठेव. डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीवर ३०,०००, असा निकष आहे. परीक्षेत हे लिहिशील, गुणही मिळतील. पण तू सातपुड्यातल्या अक्राणीची. एका गावाचे पाडे किती टेकड्यांवर विखुरलेले असतात आणि बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायला किती माणसं लागतात, हे तुला माहीत आहे. निकष डोकी मोजतो, चाल मोजत नाही. नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी दवाखाना बोटीवर चढवावा लागला तो याचमुळे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. त्या दुखण्याने कळवळणाऱ्या पोराच्या अंगावर जखम दिसत नाही, म्हणून टोकन नंबरच्या रांगेत ते खोकल्याच्या मागे बसून राहतं. रांग न्यायाची वाटते आणि अन्याय करते. असं जिथे दिसेल तिथे रांग मोडायचा नियम तू लिहायचा.

पुढचं दिसणं हाही याच कामाचा भाग. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणारा एक रुग्ण तो १२ तासांच्या आत संपवतो. असे २० रुग्ण असतील तर दिवसाला ४१ सिलिंडरही पुरत नाहीत. हा हिशेब कुणीही शाळकरी पोर करील, पण तो वेळेवर करावा लागतो. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, आपल्या साक्री तालुक्यातले आणि मुळात एमबीबीएस, यांनी हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्रकल्प जिल्ह्यात उभा केला तो २०२० च्या सप्टेंबरात, कोरोनाची दुसरी लाट यायच्या कितीतरी आधी. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडरसाठी वणवण फिरत होते, तेव्हा त्या दूरदृष्टीचं मोल सगळ्यांना कळलं.

योजनांचं काम येईल तेव्हा कंटाळा करू नकोस. आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. ते दिवस मी जवळून पाहिले. ऑपरेशनला मंजुरी मिळायची, पण रेशनकार्डावर आणि ओळखपत्रावर नावाची वेलांटी वेगळी म्हणून माणूस दोन दिवस खाली बसून राहायचा. योजनेच्या मदतनीसाला, आरोग्यमित्राला, पावरा आदिवासींची पावरी बोली येत नाही, आजीला मराठी येत नाही, मग कोण बोलणार? एकदा एका शेतकऱ्याने पाटीकडे बोट दाखवून मला विचारलं होतं, "आठे काय लिखेल शे, बाई?" पाटी शुद्ध मराठीत होती, अक्षर मोठं होतं, बाणही काढला होता. तेव्हापासून मी खिडकीपाशी वाट सांगायला माणूस ठेवायचाच हट्ट धरला.

तुला पावरी येते, अहिराणी येते, मराठी येते. मुंबई-जयपूरच्या वर्गात पहिले सहा महिने इंग्रजी बोलताना तू अडखळशील आणि तुला वाटेल आपण मागे आहोत. इंग्रजी येईल, तिची काळजी करू नकोस. पण आजीशी तिच्या बोलीत बोलून ती गोळी का घेत नाही हे काढून घेणारी तुझ्या वर्गात दुसरी कुणी नसेल. ती बोली तिथे लपवू नकोस.

अर्जाआधी एक काम कर. सुट्टीच्या दिवशी, युनिफॉर्म न घालता, सकाळी आठला केसपेपरच्या खिडकीपाशी जा. बाहेरगावाहून आलेला एक रुग्ण निवड, त्याच्या घरच्यांना विचार, आणि तो घरी जायच्या गाडीत बसेपर्यंत त्याच्याबरोबर राहा. कुठे किती वेळ गेला, किती जिने चढला, कितीदा कुणाला काय विचारलं, पाणी कुठे प्यायला, हे सगळं लिही. सल्ला देऊ नकोस, नुसती बरोबर राहा. ते पान आणि कॉलेजांची माहितीपत्रकं घेऊन पुढच्या रविवारी घरी ये. दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा करते. जेवण झालं की आधी ते पान वाचू, मग फीचा रकाना.

तुझी,
सिस्टर मावशी