वाचकांचे प्रश्न : टप्पा दरवेळी उंच का जातो?

प्रश्न : १ मीटरवरून सोडलेल्या १०० ग्रॅमच्या चेंडूचे सिम्युलेशन लिहिले आहे. जमीन म्हणजे १ लाख न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग, टाइम स्टेप १ मिलिसेकंद, पद्धत साधी ऑयलरची (जुन्याच वेगाने आणि बलाने पुढची स्टेप काढणारी). पहिल्याच टप्प्याला चेंडू मूळ उंचीच्या कितीतरी वर उडतो. स्टेप शंभरपट लहान केली तरी थोडा चढतोच. डॅशपॉट (ऊर्जा शोषणारा दट्ट्या) घालू का?

उत्तर : घालू नका. आकडा जुळेल, पण स्टेप बदलली की पुन्हा बिघडेल. ही स्प्रिंग आणि हे वस्तुमान मिळून कंपनाचा कोनीय वेग १००० रेडियन प्रति सेकंद होतो. म्हणजे चेंडू जमिनीला जेमतेम ३.१४ मिलिसेकंद चिकटलेला असतो, तुमच्या तीनच स्टेप. ऑयलरची साधी पद्धत प्रत्येक स्टेपला स्प्रिंग-चेंडूची ऊर्जा (१ + कोनीय वेग आणि स्टेप यांच्या गुणाकाराचा वर्ग) इतक्या पटीने वाढवते. इथे तो गुणाकार १, म्हणून ऊर्जा दर स्टेपला दुप्पट, तीन स्टेपमध्ये आठपट. शंभरपट लहान स्टेपला वाढ १.०००१ पट, पण स्टेपही ३१४. टप्प्यामागे ३ टक्के वाढ उरतेच.

आघाताचा नेमका क्षण शोधून तिथे वेग उलटवावा, असे बरेच जण सुचवतात. पण आघातानंतरच्या वेगाचे आधीच्या वेगाशी गुणोत्तर, म्हणजे उसळीगुणांक, ०.८ घेतला तर अनंत टप्पे ४.०६ सेकंदांच्या आत संपतात. क्षण शोधणारा कोड तिथे अडकून पडतो.

म्हणून स्प्रिंगच काढा आणि फ्रेंच गणितज्ञ जाँ-जाक मोरो यांची पद्धत वापरा. तिचा हिशोब बलाचा नसून वेगाचा आणि आवेगाचा (बल × वेळ) आहे. आधी जुन्या वेगाने अर्धी स्टेप पुढे जा. तिथे उंची शून्याच्या वर असेल तर वेगातून फक्त गुरुत्वाचा वाटा वजा करा. नसेल तर दोन आकडे काढा : गुरुत्व वजा केलेला वेग, आणि जुना वेग उलटवून ०.८ने गुणलेला. त्यातला मोठा (वरची दिशा धन धरून) तो नवा वेग. उरलेली अर्धी स्टेप नव्या वेगाने चाला.

याची गंमत बीजगणितात आहे. एका स्टेपमधला ऊर्जाबदल बरोबर जमिनीने दिलेला आवेग × (जुना वेग + नवा वेग) ÷ २ येतो, अंदाजाने नव्हे. चेंडू खाली येत असेल तर ती बेरीज ऋण, म्हणजे ऊर्जा घटणारच, स्टेप कितीही असो. ४.४३ मीटर प्रति सेकंदाने आदळलेला चेंडू ३.५४ने परततो आणि सुमारे ६४ सेंटिमीटर चढतो. चेंडू जमिनीत रुतलेला असताना अगदी हळू वर येत असेल तेव्हा मात्र किंचित ऊर्जा वाढू शकते. तुमच्या आकड्यांत ती सव्वा मायक्रोजूलच्या आत राहते, सुरुवातीची ऊर्जा ०.९८ जूल असताना.

खरा घात होतो तो रुतलेपणा काढताना. बाउमगार्टे दुरुस्तीत खोलीचा ०.२ भाग स्टेपने भागून वेगात मिळवतात. तुमच्याकडे चेंडू ४.४ मिलिमीटरपर्यंत रुतू शकतो. म्हणजे ०.८९ मीटर प्रति सेकंद फुकट! ३.५४ मध्ये ते मिळवले की पुन्हा ४.४३, उसळीगुणांक ०.८ ऐवजी १. दुरुस्ती फक्त स्थानाला लावा, वेगात मुरू देऊ नका.

प्रश्न : लवचीक दांड्याच्या सिम्युलेशनमध्ये सुरक्षित म्हणून थीटा (स्टेपच्या शेवटच्या मूल्यांना दिलेला वाटा) १ ठेवतो. चालेल?

उत्तर : उसळीगुणांक शून्य असेल तरच. मोरो-जाँ पद्धतीत (मोरो यांच्या पद्धतीचे थीटा असलेले रूप) ऊर्जा न वाढण्याची हमी थीटा ०.५ आणि १ ÷ (१ + उसळीगुणांक) यांच्या दरम्यान मिळते, ०.८ साठी वरची मर्यादा ०.५५६. त्यापुढे संपर्काचे काम धन होऊ शकते. शिवाय थीटा १ दांड्याची खरी कंपनेही गिळून टाकतो, त्यामुळे संपर्काची चूक झाकली जाते. ०.५ पासून सुरुवात करा.

घर्षण असेल तर आणखी एक तपासा. यांत्रिकीतज्ज्ञ टॉमस केन यांनी १९८४ मध्ये दुहेरी लोलकाचे उदाहरण दाखवले : न्यूटनचा आघातनियम (वेगांच्या गुणोत्तराचा उसळीगुणांक) आणि कुलोंबचे घर्षण (लंब बलाच्या प्रमाणात) एकत्र लावले की, घसरण्याची दिशा उलटल्यास, कागदावरच ऊर्जा वाढते. तिथे दोष तुमच्या कोडचा नसून नियमाचा असतो. अशा वेळी आघातातल्या लंब बलाच्या कामावर बेतलेला स्ट्राँज यांचा उसळीगुणांक घ्या. प्रत्येक स्टेपला संपर्काचे काम वेगळ्या फाइलीत छापा. एकूण ऊर्जेच्या आलेखात ही वाढ दिसेलच असे नाही.