कोकराच्या डुकाटवर 1700 दिसलं म्हणून भुलू नका

तुम्ही विचारलंय की म्युनिकचा एक दुकानदार कोकराचं चौकोनी सोन्याचं नाणं ‘सन 1700, अतिदुर्मिळ’ म्हणून विकतोय, घ्यावं का? फोटो पाहिले. छाप न्यूरेंबर्गचा आहे. पण 1700 या सालासाठी जादा पैसे मोजू नका.

न्यूरेंबर्ग म्हणजे त्या काळी थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं, स्वतःची टांकसाळ असलेलं जर्मन शहर. नवं शतक उजाडताना त्यांनी हे डुकाट, म्हणजे युरोपात चालणारं सोन्याचं नाणं, काढलं. पृथ्वीगोलावर कोकरू उभं आहे आणि त्याच्या निशाणावर ‘पाक्स’, म्हणजे शांती, असं कोरलंय. साल लॅटिन ओळीत लपवलंय: ‘तेंपोरा नोस्त्रा पातेर दोनाता पाचे कोरोना’. त्यातलं एम, डी आणि शेवटच्या दोन शब्दांतले दोन सी घ्या, रोमन अंक म्हणून बेरीज करा: 1000, 500, 100, 100. अर्थ असा, की हे पित्या, शांती देऊन आमच्या काळाला मुकुट घाल. इतकी नेटकी ओळ मी दुसऱ्या कुठल्या नाण्यावर पाहिलेली नाही.

मात्र लोकांना हे कोकरू इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं तेच साल ठेवून नाणी पाडली गेली. बारशाला द्यायची भेट म्हणून ती घरोघरी गेली. अगदी 1/32 डुकाटचा, जेमतेम 0.11 ग्रॅमचा तुकडाही निघाला. म्हणून बारीक आद्याक्षरं बघा. जी.एफ.एन. म्हणजे गेओर्ग फ्रीडरिश न्यूर्नबर्गर, 1700 च्या सुमाराचा तिथला टांकसाळप्रमुख. दुसरी अक्षरं असतील तर नाणं बहुधा नंतरचं.

पूर्ण डुकाटचं वजन 3.49 ग्रॅम, कस 986, म्हणजे हजारात 986 भाग शुद्ध सोनं. आपल्याकडची पुतळी मुळात व्हेनिसचं डुकाट, तीही याच वजनाची. आणि पुतळ्यांसारखीच ही नाणीही कडी लावून गळ्यात घातली गेली. माझ्याकडच्या पाव डुकाटला वरच्या कोपऱ्यात दहापट भिंगाखाली डाखाचा फिकट ठिपका दिसतो, आणि तिथली कड घासून सपाट केलेली आहे. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत वरचा कोपरा तसाच गुळगुळीत वाटतोय.

कुठे 986 किंवा 900 असा आकडा ठोकलेला दिसला, तर ती आधुनिक प्रत समजा. सराफाला कसोटीवर मात्र घासू देऊ नका, तो ओरखडा कायमचा राहतो. वजन करा, पाण्यात तोलून घनता काढा, ती 19 च्या जवळ यायला हवी.

आधी त्या कोपऱ्याचा आणि आद्याक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागवा आणि इथे टाका. तोवर बयाणा देऊ नका.