सायलो पाडले का नाहीत?

प्रश्न : मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो असता ब्राँक्स नदीकाठच्या ‘काँक्रीट प्लांट पार्क’मध्ये जुन्या कारखान्याचे उंच, लाल सायलो (माल साठवण्याच्या उभ्या टाक्या) तसेच उभे दिसले. उद्यान करताना ते पाडले का नाहीत? आणि हे उद्यान स्वयंसेवकांनी उभारले असे म्हणतात, ते कितपत खरे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. सगळे उद्यान श्रमदानातून झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण बांधकाम महापालिकेच्या उद्यान विभागाच्या वाट्याचे होते. परंतु वस्तीतल्या लोकांनी चिकाटी धरली नसती, तर तिथे उद्यान झालेच नसते. काँक्रीट तयार करणारा हा कारखाना १९८७ मध्ये बंद पडला आणि ती जागा कचरा टाकण्याची झाली. नदीची अवस्थाही वेगळी नव्हती. टायर आणि मोटारींचे सांगाडे तिच्यातून ओढून काढावे लागले. पुढे ही जागा विकली जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा स्थानिक संघटनांनी, विशेषतः तिथल्या तरुणांनी, नेट लावला. २००० मध्ये जागा उद्यान विभागाकडे आली आणि २००९ मध्ये उद्यान खुले झाले.

आता सायलोंविषयी. दक्षिण ब्राँक्समध्ये नदीकाठ म्हणजे कारखान्यांची मागची बाजू, अशी कित्येक दशकांची स्थिती होती आणि लोकांचा नदीशी संबंधच तुटला होता. सायलो पाडून सर्वत्र हिरवळ केली असती, तर हा इतिहास पुसला गेला असता. म्हणून सायलो, हॉपर (माल खाली सोडणारी नरसाळी) आणि कन्व्हेयर (माल वाहून नेणारा पट्टा) यांचे सांगाडे रंगवून राखले गेले. (तो रंग काहींना भडक वाटेल, पण जुन्या यंत्रांना नवी झाडे लावून झाकण्यापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटते.)

आपण सायलोंकडे पाहत राहिलात, म्हणून एक गोष्ट कदाचित नजरेतून सुटली असेल. काठावरचे भरतीच्या पाण्याचे गवत मुद्दाम लावलेले आहे. कोकणात ज्याला आपण खाजण म्हणतो, तशा खाऱ्या पाणथळ जमिनीचा तो पट्टा पुन्हा तयार केला आहे. शिवाय २०१७ पासून तिथे खाण्याजोग्या वनस्पतींची बाग आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक उद्यानांत फळे-पाने तोडण्यास एरवी मनाई असते. या बागेत मात्र ती खुडून घरी नेता येतात.