खूप वजन उतरल्यावर गळ्याची कातडी लोंबते. मशीनने बरी होते की ऑपरेशनच लागतं?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, मुलुंडला राहता, स्लीव्हचं (वजन उतरवायला पोट लहान करण्याचं) ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं, ११२ किलोवरून ६८ वर आलात, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, पण हनुवटीखालची कातडी सैल होऊन लोंबते. स्टेशनजवळच्या एका क्लिनिकने ‘विनाऑपरेशन’ सहा सिटिंगचं पॅकेज सांगून अ‍ॅडव्हान्स मागितलाय. घरचे म्हणतात, गळ्याचे व्यायाम कर, हे सगळे नखरे आहेत.

अ‍ॅडव्हान्स देऊ नका. निदान आत्ता तरी नको.

मी डॉक्टर नाही. लालबागला राहते, फोर्टात नोकरी करते. माझंही वजन बेरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) ऑपरेशननंतर असंच भराभर उतरलं आणि ते स्थिर झाल्यावर मी गळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्या काळात तीन वेगवेगळ्या प्लास्टिक सर्जनना भेटून जे समजून घेतलं आणि नंतर अंगावर जे अनुभवलं, ते सांगते.

आधी नखऱ्यांबद्दल. एवढं वजन उतरवायला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. गुडघे सुटतात, जिना चढताना धाप लागत नाही, साखर ताळ्यावर येते. आणि तरी सोसायटीतली प्रत्येक बाई विचारते, ‘बरं नाही का गं? किती ओढलेली दिसतेस!’ पोट साडीत झाकतं, दंड बाहीत झाकतात, गळा कुठे झाकणार? त्याचं वाईट वाटणं पूर्णपणे रास्त आहे, आणि त्यावर उपाय शोधायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता मूळ गोष्ट. लोंबतंय ते नेमकं काय आहे, हे कळल्याशिवाय कुठल्याच उपायावर पैसे घालवायचे नाहीत. हनुवटीखाली तीन थर असतात: वर कातडी, तिच्याखाली चरबी, आणि त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ पसरट स्नायू. आरशासमोर हनुवटीखाली चिमटीत धरून बघा. चिमटीत जाडसर गोळा आला तर चरबी उरलीय. नुसता पातळ पदर आला आणि सोडल्यावर हळूहळू जागेवर गेला, तर ती कातडीच आहे. मग दात आवळून ओठांचे कोपरे खाली ओढा. गळ्यावर दोन उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या दिसल्या तर तो स्नायू पुढच्या बाजूने सुटा झालाय. चाळीस-पन्नास किलो उतरलेल्या माणसात बहुतेक वेळा कातडी आणि स्नायू दोन्हीचा दोष असतो, चरबीचा कमी.

कातडीचा ताण टिकतो तो आतल्या थरातल्या कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या तंतूंवर. वर्षानुवर्षं ताणलेले हे तंतू तुटतात, विस्कटतात, आणि इलॅस्टिन तर मोठ्या वयात शरीर नव्याने जवळपास बनवतच नाही. म्हणून विशीत वजन उतरवलेल्या मुलीचा गळा आपोआप बराच सावरतो आणि तुमचा-माझा सावरत नाही. उन्हातलं काम, तंबाखू, आणि जाडेपणाची एकूण वर्षं, या सगळ्याची त्यात भर पडते.

यावरून व्यायामाचं उत्तर मिळतं. व्यायामाने स्नायू बळकट होतो, कातडी आखडत नाही. मान मोकळी राहते म्हणून करायचे तर जरूर करा, गळ्यासाठी म्हणून नाही.

मशीनचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचे पैसे तिथेच अडकायला निघालेत. अल्ट्रासाउंडची किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीची यंत्रं कातडीच्या आतल्या थराला ठरावीक उष्णता देतात. तिथलं कोलॅजन आकसतं, पुढचे तीन-सहा महिने थोडं नवीन बनतं. हे खोटं नाही. चाळिशीत जरा सैल पडलेल्या गळ्याला त्याने फरक पडतो. पण ४४ किलो उतरल्यावर जी कातडी उरते ती जास्तीची कातडी असते, आणि जास्तीची कातडी उष्णतेने नाहीशी होत नाही, ती कापूनच काढावी लागते. शिवाय उष्णता खोलवर गेली तर खालची चरबी कमी होऊन गळा आणखी पोकळ दिसू शकतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळे डाग उमटण्याची शक्यता जास्त. चरबी विरघळवणारी इंजेक्शनं आणि लायपोसक्शन यांचाही रोख चरबीवर, कातडीवर नाही. आतला भराव गेला की पदर आणखी लोंबतो. कातडीखाली धागे घालून ती वर ओढण्याच्या प्रकाराचा परिणाम वर्षभरात बराचसा उतरतो, आणि एवढ्या वजनदार पदराला तो मुळात पुरतच नाही. बोटॉक्सने त्या उभ्या दोऱ्या तीन-चार महिने सैल पडतात, बस.

माझ्या ओळखीच्या एक बाई, आमच्याच बेरिअ‍ॅट्रिक फॉलोअपला येणाऱ्या, एका क्लिनिकात पॅकेजमागून पॅकेज घेत गेल्या. प्रत्येक वेळी ‘अजून दोन सिटिंगनंतर दिसेल’. शेवटी त्यांनी ऑपरेशनच केलं, पण तोवर त्यासाठी साठवलेल्या पैशांतले बरेच संपले होते. हप्त्याहप्त्याने गेलेला पैसा जाणवत नाही, म्हणून हे एवढं ताणून सांगतेय.

तरीही उद्याच ऑपरेशनला पळायचं नाही. स्लीव्हनंतर वजन साधारण बारा ते अठरा महिने हलत असतं, आणि ते थांबल्यावर किमान सहा महिने एका जागी राहिलेलं सर्जनना हवं असतं. आत्ता गळा घट्ट केला आणि नंतर आणखी सहा-सात किलो गेले, तर पुन्हा सैल पडणार. दर आठवड्याला वजन वहीत लिहा, ती वहीच सर्जनला दाखवा.

या मधल्या काळात करायचं ते म्हणजे रक्त आणि प्रोटीन सुधारणं. बेरिअ‍ॅट्रिकनंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं असं सांगतात, आणि आपल्याकडे तिथेच घसरतं. पोट लहान झालेलं, त्यात सोमवार, चतुर्थी, श्रावण. उपासाला साबुदाणा, आणि साबुदाण्यात पिठाशिवाय काही नाही. उपास सोडवत नसेल तर दही, पनीर, शेंगदाणे यांवर करा, आणि एरवी मुगाची उसळ, अंडी, बांगडा, जे चालतं ते. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व, अल्ब्युमिन तपासून घ्या. हे कमी असताना जखम भरत नाही, टाके उसवतात.

आणि मशेरी. बाईला डॉक्टर सहसा तंबाखूचं विचारत नाहीत, आणि आपण सांगत नाही. मशेरी, गुटखा, सिगारेट, कशातलंही निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये कातडी खालून सोडवून ओढतात, तिला रक्त काठाकाठाने मिळतं. ते आटलं तर कानामागची कातडी काळी पडून सडते. निदान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद हवं, आणि लावत असाल तर लाज न बाळगता सांगून टाका. वजन उतरवायची इंजेक्शनं घेणाऱ्यांनीही भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. त्या औषधांनी पोट सावकाश रिकामं होतं आणि भूल देताना ते धोक्याचं ठरतं.

ऑपरेशन असं असतं. कानाच्या पुढून सुरू होऊन पाळीला वळसा घालून मागे केसांपर्यंत चीर घेतात. बहुतेकदा हनुवटीखाली आणखी एक छोटी. हनुवटीखालच्या चिरेतून स्नायूच्या सुट्या कडा मधोमध शिवतात, बाजूंनी तो मागे ओढून बसवतात, मग कातडी मागे-वर घेऊन उरलेली कापतात. आपल्यासारख्यांचा गालाचा खालचा भागही उतरलेला असतो, त्यामुळे नुसता गळा न करता खालचा चेहरा बरोबर घ्यावा, असं सर्जन बरेचदा सुचवतात. ते पैसे वाढवण्यासाठी असेलच असं नाही. नुसता गळा घट्ट आणि वर गाल लोंबते, हे खरंच विचित्र दिसतं. वयस्क पुरुषांत कधी गळ्याच्या मधोमध नागमोडी चीर घेऊन सरळ कातडी काढतात, पण तो वण समोर दिसतो.

पहिली रात्र महत्त्वाची. आत रक्त साठणं हा या ऑपरेशनचा सगळ्यात नेहमीचा त्रास, आणि तो बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होतो. बीपी चढलं की धोका वाढतो. एकाच बाजूला अचानक सूज, ताण, दुखणं वाढलं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणून मी घरी जाण्याचा आग्रह न धरता रात्रभर हॉस्पिटलात राहिले. खालचा ओठ हलवणारी नस जबड्याच्या कडेने जाते. ती दुखावली तर काही काळ हसू वाकडं येतं, क्वचित कायमचंही. कानाच्या पाळ्या तर काही महिने बधिर राहतात. माझ्या राहिल्या होत्या, जड कुड्या घातल्या तरी कळायचं नाही. बधिर कातडीला गरम ड्रायर लावू नका, भाजलं तरी समजत नाही.

निळसरपणा दोन-तीन आठवड्यांत जातो. दोनएक आठवडे हनुवटी छातीकडे टेकवायची नाही, त्यामुळे उशी नको आणि फोनवर मान घालणं तर नकोच. आठ वाजताच्या लोकलचा धक्का या काळात परवडणारा नाही, रजा पुरेशी घ्या. वण वर्षभर बदलत राहतात. कान टोचल्यावर तिथे कधी गाठ झाली असेल तर ते सर्जनला आवर्जून सांगा. आपल्या कातडीत वण फुगण्याची प्रवृत्ती असते आणि त्यावरून पुढची काळजी ठरते. आणि हेही ऐकून ठेवा: खूप वजन उतरलेली कातडी ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात थोडी पुन्हा सैलावते. माझीही सैलावली, पण पहिल्यासारखी नाही.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी सांगते. घडीत काळेपणा असेल तर तो मळ नाही. इन्सुलिन नीट काम करत नसलं की मान आणि गळा असा मखमली काळा पडतो, वजन उतरल्यावर तो हळूहळू फिकटतो. लिंबू-दगडाने घासून आणखी काळा होतो. मुंबईच्या घामाने घडीत खाज आणि गजकर्ण होतं, तेव्हा मेडिकलवाल्याकडून आणलेली ट्यूब लावू नका. त्यातल्या कितीतरी मलमांत स्टिरॉइड असतं, कातडी आणखी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, घडी कोरडी ठेवा, उन्हात जाताना गळ्यालाही सनस्क्रीन लावा.

दुसरी, चरबी गेली की आधी झाकलेल्या गाठी हाताला लागतात. थायरॉइड असू शकतं, टीबीची गाठ असू शकते. दोन-तीन आठवड्यांत न जाणारी गाठ कातडीच्या नावावर सोडू नका.

पैशांचं: मेडिक्लेम यात धरू नका, सौंदर्यासाठीची सर्जरी पॉलिसीतून वगळलेली असते, आणि वर जीएसटीही लागतो. कोटेशन मागताना सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, गळ्याचा पट्टा आणि कर असं फोडून लेखी मागा. दुसरं मत हवं असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या सार्वजनिक हॉस्पिटलांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. केस पेपर काढून दाखवता येतं. मात्र तिथे भाजलेल्या आणि अपघाताच्या रुग्णांचा नंबर आधी, आणि तसंच असायला हवं.

सर्जन निवडताना पाटीवरच्या ‘कॉस्मेटिक’ शब्दापेक्षा पदवी बघा: एमसीएच किंवा डीआरएनबी, प्लास्टिक सर्जरी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. खूप वजन उतरलेल्या रुग्णांचे आधीचे आणि वर्षानंतरचे फोटो दाखवा म्हणा, महिन्यानंतरचे नकोत. त्याच दिवशी अ‍ॅडव्हान्स भरायला लावणाऱ्या ठिकाणाहून निघून या. आणि पहिल्या भेटीला जमलं तर कुणाला तरी सोबत न्या, डॉक्टर बोलत असताना त्यांना लिहून घेऊ दे.