शेर आणि शीर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

फारसीच्या एम.ए.ला प्रवेश घेतलास आणि वाचनाची यादी हातात पडताच घाबरलीस. ‘शिकायला आले फारसी आणि पुस्तकं सगळी इंग्रजी’ म्हणतेस. मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांचं हेच होतं, माझंही झालं होतं. पण म्हणून इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला पैसे भरू नकोस. तुला बोलायचं नाही, वाचायचं आहे. तेही एका ठरावीक जातीचं इंग्रजी: कोशाचं, प्रस्तावनेचं, तळटिपांचं, भाषांतराचं.

यातलं बरंच तुला येतंच, फक्त नावं नवी. ‘हेमिस्टिक’ म्हणजे मिसरा, अर्धी ओळ; ‘डिस्टिक’ म्हणजे बैत, दोन मिसऱ्यांची जोडी. (‘डिस्टिक’ ही ‘डिस्ट्रिक्ट’ची छपाईतली चूक आहे, असं मी कितीतरी दिवस समजत होतो.) ‘कोलोफन’ म्हणजे हस्तलिखिताच्या शेवटची नोंद, आपली पुष्पिका. ‘व्हेरिअंट’ म्हणजे पाठभेद. असे शब्द भेटतील तसे वहीत उतरव, समोर फारसी शब्द लिही. मराठी अर्थ आपोआप सुचेल.

कोश मात्र जपून वापर. स्टाइनगासचा १८९२ सालचा फारसी-इंग्रजी कोश तुझ्या टेबलावर असणारच. तो एका शब्दाला दहा-दहा अर्थ देतो, पण कोणता अर्थ कोणत्या कवीत हे सांगत नाही. पहिला अर्थ उचलून पुढे जाणारा फसतो. आता रूमीच्या मसनवीतली ही ओळ बघ: ‘कारे पाकाँ रा कियास अज खुद मगीर, गर्चे मानद दर नबिश्तन शेर ओ शीर’. पवित्र माणसांची करणी स्वतःवरून मापू नकोस, लिहिण्यात शेर आणि शीर सारखे दिसले तरी. शेर म्हणजे सिंह. शीर म्हणजे दूध, आपल्या शीरखुर्म्यातलं. फारसी लिपीत दोन्ही एकच. तेहरानच्या आजच्या उच्चारातही दोन्ही ‘शीर’, त्यामुळे ध्वनिमुद्रण ऐकून गंमत कळणार नाही. आपल्याकडच्या जुन्या फारसी उच्चारात फरक टिकला. निकल्सनच्या इंग्रजी भाषांतरातही हे दोन शब्द रोमन लिपीत वेगळे लिहिले आहेत, शेरमध्ये e, शीरमध्ये i. असं एक अक्षर थांबून वाचणं, हेच तुझ्या कामाचं इंग्रजी. (निकल्सनसाहेबांना मजकूर फार चावट वाटला, की ते इंग्रजी सोडून लॅटिनमध्ये शिरतात. तिथे तुझं इंग्रजी कच्चं नाही. सरळ मूळ फारसी उघड.)

सनांचं सांगतो, कारण त्यात मी स्वतः आपटलोय. इंग्रजी लेखात फारसी कवी हाफिजचा मृत्यू ७९२/१३९० असा छापतात. त्याच पानावर कझवीनी-गनी यांनी संपादित केलेल्या त्याच्या दिवाणाचं, म्हणजे काव्यसंग्रहाचं, साल १३२०/१९४१ असतं. रेघेनंतरचे दोन्ही आकडे इसवी सनाचे; रेघेआधीचा ७९२ हिजरी चांद्र, १३२० मात्र इराणी सौर. एका संदर्भात नुसतंच १३२० दिसलं, मी ते चांद्र धरलं आणि निबंधात ते दिवाण १९०२ सालात नेऊन ठेवलं. चाळीस वर्षांचा घोळ! सर काही बोलले नाहीत, फक्त त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं.

ग्रंथालयाच्या सूचीत एकच माणूस हाफिज आणि हाफेज अशा दोन्ही स्पेलिंगांनी सापडतो. मसनवीचंही तसंच. एका स्पेलिंगने मिळालं नाही म्हणून ‘पुस्तक नाही’ म्हणू नकोस.

भाषांतरं वाचताना सर्वनामावर नजर ठेव. फारसीतल्या ‘ऊ’ला (म्हणजे तो किंवा ती) लिंग नाही. इंग्रजी भाषांतरकाराला ‘ही’ किंवा ‘शी’ यातलं एक निवडावं लागतं, आणि तिथे गझलेतला प्रियतम त्याच्या मर्जीने पुरुष किंवा बाई होतो. मराठीत आपल्यालाही तीच अडचण. आपल्या माधव जूलियनांनी खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही वेगळ्या आणल्या. ही दोन मराठी पुस्तकं शेजारी ठेवून वाच. मधल्या इंग्रजीने काय काय बदललं ते तुला कुठल्याही टीकाग्रंथाशिवाय दिसेल. फारसी-मराठी कोशही त्यांचाच, १९२५ सालचा. तो ग्रंथालयात मिळाला तर स्टाइनगासच्या शेजारी ठेव.

इराणमधल्या फारसीच्या विद्यार्थ्यांनाही इंग्रजी वाचावं लागतंच, बाहेरचे अभ्यासक त्यांच्या कवींबद्दल काय लिहितात ते कळायला. भाषा त्यांच्या घरची, तरीही.

दिवाळीच्या सुट्टीत एक काम कर. हाफिजची कुठलीही एक गझल घे, तिची दोन इंग्रजी भाषांतरं शोध, आणि जिथे दोघांचं पटत नाही त्या ओळी मला लिहून पाठव. कोण बरोबर ते सांगू नकोस, फक्त ओळी पाठव.

तुझे,
सर