जुन्या नकाशांवरून मुंबईच्या सुरुवातीच्या वाढीबद्दल काय कळते?

सात बेटे जोडून मुंबई झाली, यापलीकडे जुने नकाशे काही सांगतात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सांगतात, आणि ते प्रामुख्याने जमिनीच्या उंच-सखलपणाबद्दल असते.

माझगाव, डोंगरी, मलबार हिल, शिवडी हे उंचवटे सोडले तर मधला पट्टा खाजणाचा होता. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे. हे खिंडार गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४च्या सुमारास, बांध घालून बुजवले गेले. मात्र समुद्र अडला म्हणून जमीन उंच झाली नाही. ती तशीच सखल राहिली आणि पुढे हळूहळू भरणी होऊन तिच्यावर वस्ती चढली. मी परळचा असल्याने हिंदमाताला पावसात साचणारे पाणी लहानपणापासून पाहिले आहे. उंचीच्या रेषा असलेला नकाशा प्रथम समोर आला, तेव्हा त्या पाण्याचे मला आश्चर्य वाटेनासे झाले. उमरखाडीच्या नावात तर खाडी अजून शिल्लक आहे.

एकच जोडी पाहायची असेल तर डिकिन्सन आणि टेट यांचे १८२७मध्ये संपलेले महसुली सर्वेक्षण आणि १८६५ ते १८७२ या काळातले लॉटन यांचे सर्वेक्षण शेजारी ठेवावे. या मधल्या काळात कुलाब्याचा बांधरस्ता (१८३८), माहीमचा बांधरस्ता (१८४५) आणि बोरीबंदर–ठाणे रेल्वे (१८५३) झाली, तर १८६०च्या दशकात कोटाची तटबंदी पाडली गेली. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन मात्र पूर्णपणे बांधली गेली नाही. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने तिचेच तुकडे आहेत. क्रिकेटला जागा मिळाली ती तोफखान्याच्या कृपेने, असे म्हणायला हरकत नाही.

नकाशा कोणी आणि कशासाठी काढला, हेही पाहावे. महसुलाच्या नकाशाला कर लावता येईल अशी जमीन हवी असते, तर आरमाराच्या नकाशाला पाण्याची खोली. म्हणून एकाच किनाऱ्याची दोन चित्रे जुळत नाहीत.

उपनगरांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे उपयोगी आहेत. आजच्या वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जागी त्यांत मिठीच्या मुखाजवळची दलदल सापडते.